ठिपक्यांच्या रांगोळीत दहावीची श्रेढी

दहावीच्या गणितात ‘अंकगणिती श्रेढी’ नावाचा धडा आहे. खेड्यातल्या हायस्कुलात हा धडा निघाला की मागच्या बाकांवरच्या माना खाली जातात. पहिल्याच तासाला फळ्यावर सूत्र येते. पहिले पद, साधारण फरक, एन वजा एक, असा सगळा कारभार. पोरे ते पाठ करतात, घटक चाचणीत लिहितात आणि बोर्डाच्या पेपरात नेमके एक चिन्ह चुकवून बसतात. घरी विचारले तर उत्तर ठरलेले, “आपल्याला गणित जमत नाही.”

ज्या घरात हे उत्तर मिळते, त्याच घराच्या अंगणात सणासुदीला पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी निघते. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, तिच्या वर चौदा, मग तेरा, असे करीत आठ. खालच्या अंगालाही तसेच. काढणाऱ्या माऊलीने श्रेढी हा शब्द ऐकलेलाही नसेल. पण वरचा ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये पडला पाहिजे आणि दर ओळीला एक कमी झाला पाहिजे, हे तिच्या बोटांना पक्के ठाऊक असते. असे टाकलेले ठिपके भरतात १६९. ते एकेक न मोजता कसे काढायचे, हाच तर दहावीचा धडा!

आकड्यांचा क्रम आधी आकृतीत पाहायचा, हाताने मांडायचा, मागच्या आकृतीवरून पुढची करायची आणि सूत्र सगळ्यात शेवटी काढायचे, अशी ही शिकवण्याची रीत आहे. पुणे शहरात या रीतीच्या खुणा ठिकठिकाणी सापडतात. आणि गंमत अशी की तिला लागणारे सामान शहरापेक्षा खेड्यातच जास्त आहे.

आयुकाच्या चौकातला त्रिकोण

पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे. १९८८ साली ती स्थापन झाली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. (नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात गेले.) इमारतींची आखणी चार्ल्स कोरिया या नामवंत वास्तुशिल्पकाराची. आत आर्यभटाचा पुतळा आहे. आणि तिथल्या एका चौकात त्रिकोणात त्रिकोण, त्यात पुन्हा त्रिकोण अशी एक आकृती जमिनीवर मांडलेली आहे. तिला पोलंडच्या सिएर्पिन्स्की नावाच्या गणितज्ञाचे नाव आहे. त्यांनी ती १९१५ मध्ये जगापुढे ठेवली.

ही आकृती काढायला एकच हुकूम पुरतो. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे मध्य जोडा, मधला तुकडा टाकून द्या, आणि उरलेल्या प्रत्येक त्रिकोणाला हेच करा. ‘हेच करा’ या दोन शब्दांत सगळी जादू आहे. गणितवाले त्याला पुनरावर्तन म्हणतात. आपल्या बोलीत ‘मागच्यावरून पुढचं’ म्हटले तरी भागते.

शेताच्या भाषेत बोलू. समजा ६४ गुंठ्यांचे त्रिकोणी रान आहे. मधला तुकडा नेमका चौथा हिस्सा असतो, म्हणजे १६ गुंठे गेले. राहिले ४८ गुंठे, तुकडे तीन, प्रत्येकी १६ चा. आता त्या प्रत्येकाच्या मधले चार-चार गुंठे काढा. राहिले ३६, तुकडे नऊ. आणखी एकदा केले की राहतात २७ गुंठे आणि तुकडेही २७. एकेका गुंठ्याचा एकेक तुकडा! तुकड्यांचा क्रम १, ३, ९, २७, दर वेळी तिप्पट. जमिनीचा क्रम ६४, ४८, ३६, २७, दर वेळी पाऊण. आता बांध मोजा. पहिल्या रानाचा बांध ४०० मीटर धरला तर पुढे उरलेल्या तुकड्यांचा मिळून ६००, मग ९००, मग १३५० मीटर. दर वेळी दीडपट. जमीन घटते आणि बांध वाढतो, हे वाटण्या पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा आपल्याकडे १९४७ साली आला, तो याच दुखण्यावर. आठवीच्या पोराला हा हिशेब तलाठी कार्यालयाच्या भिंतीला टेकून बसूनही करता येईल.

बाजारातली व्हॉल्व्ह ट्यूब

आयुकाच्या आवारातच शाळकरी मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून ती उभी राहिली, म्हणून तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. तिथे २०१४ पर्यंत अरविंद गुप्ता काम करीत होते. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करणारे गुप्ताजी म्हणून त्यांना पुष्कळ मास्तर ओळखतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांची हकीकत आपल्या कामाची आहे. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्याच्या टेल्को कारखान्यात लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे खेड्यातल्या शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक मोठा प्रयोग चालू होता. गावच्या आठवडे बाजारात फिरून त्यांनी स्वस्तातल्या वस्तू गोळा केल्या. त्यात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी होती. त्या नळीच्या इवल्याशा तुकड्यात दोन्हीकडून आगकाडी खुपसली की सांधा तयार! तीन काड्यांचा त्रिकोण, चारचा चौकोन, पुढे घर, मनोरा, काय म्हणाल ते. कारखान्यातल्या इंजिनिअरला हे शहाणपण सापडले ते आठवड्याच्या बाजारात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात.

या काड्यांवर आकड्यांचा क्रम कसा शिकवता येतो, ते पाहा. समजा सहावीचा वर्ग आहे. बाई विचारतात, “एका चौकोनाला काड्या किती?”

“चार.”

“त्याला चिकटून शेजारी दुसरा केला तर?”

कुणीतरी घाईने “आठ” म्हणतोच. पण समोर काड्या मांडलेल्या असल्या की शेजारचाच त्याला गप्प करतो, “आरं, मधली काडी दोघांत एकच हाय की!”

म्हणजे सात. तिसऱ्याला दहा, चौथ्याला तेरा. आता बाईंनी खरा प्रश्न विचारायचा, “दर वेळी तीनच का वाढतात?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. दोन मिनिटे लागतील, पाच लागतील. “बाई, डावीकडची भिंत आधीच बांधलेली असती,” असे कुणी बोलले की धडा झाला.

मग पन्नास चौकोनांना काड्या किती? एक पोरगी म्हणेल, पहिल्याला चार, बाकीच्या एकोणपन्नासांना तीन-तीन, म्हणजे ४ आणि १४७ मिळून १५१. दुसरा म्हणेल, आधी एकच काडी उभी ठेवू, मग प्रत्येक चौकोनाला तीन, म्हणजे १ आणि १५०. तेही १५१. पहिल्या पोरीने जे केले तेच दहावीचे सूत्र आहे. पहिले पद, अधिक, एकाने कमी इतक्या वेळा फरक. फळ्यावर परक्यासारखे उभे असलेले ‘एन वजा एक’ कुठून आले, ते आता विचारा. पहिला चौकोन आधीच बांधून झालेला असतो, म्हणून एक वजा.

आपल्या गावगाड्यात हा हिशेब नवा नाही. घर आपण खणांवर मोजतो. एका ओळीतल्या पाच खणांच्या घराला समोरासमोर खांबांच्या जोड्या लागतात सहा, पाच नव्हेत. गोठा दहा खणांचा केला तर जोड्या अकरा, खांब बावीस. तारेच्या कुंपणाचेही तेच. शंभर मीटर सरळ तारेला अडीच मीटरवर खांब घातले तर चाळीस अंतरे होतात आणि खांब एकेचाळीस लागतात. सुतार हे कधी चुकत नाही. पण त्याचा पोरगा शाळेत चुकतो, कारण शाळेत त्याला खांब कुणी दाखवीत नाही.

आगकाड्या वापरायच्या तर गूल खरवडून टाकावे, लहान मुलांचा कारभार आहे. नाहीतर खराट्याचे हीर आहेतच. ज्वारीच्या ताटाची बैलगाडी केलेली माणसे अजून गावोगाव आहेत. आतला मऊ गाभा आणि वरची कडक साल यांनी सुरेख सांधे होतात. व्हॉल्व्ह ट्यूबसुद्धा नको.

खडे, थप्पी आणि मोसंबीची रास

आता अंगणात येऊ. एक खडा ठेवा. त्याच्या उजव्या अंगाला आणि खाली मिळून काटकोनात तीन खडे ठेवा. झाला दोन बाय दोनचा चौरस. पुन्हा तसाच काटकोन घाला, पाच खडे लागतील आणि तीन बाय तीन होईल. पुढे सात, मग नऊ. म्हणजे १, ३, ५, ७ असे विषम आकडे ओळीने मिळवत गेले की १, ४, ९, १६ असे चौरसच मिळतात. का? प्रत्येक काटकोनाला दोन सारखे हात आणि कोपऱ्याचा एक खडा, म्हणून तो विषमच असणार. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत पोरे ‘चौरस संख्या’, ‘त्रिकोणी संख्या’ हे शब्द घोकतात. चौरस कुठे आणि त्रिकोण कुठे, ते खड्यांशिवाय कळायचे नाही.

त्रिकोणी संख्या म्हणजे आडत्याच्या गाळ्यातली उतरती थप्पी. वर एक पोते, खाली दोन, मग तीन. दहा थरांची किती? तशीच दुसरी थप्पी उलटी करून पहिलीला टेकवली, अशी कल्पना करा. दर थरात अकरा पोती झाली, थर दहा, एकूण ११०. आपली थप्पी त्याच्या निम्मी, ५५. एवढ्यावर बेरजेचे सूत्र निघाले. पहिला आणि शेवटचा आकडा मिळवा, थरांनी गुणा, निम्मे करा.

मग सुरुवातीची रांगोळी सोडवू. आठपासून पंधरापर्यंत आठ ओळी. आठ आणि पंधरा तेवीस, गुणिले आठ, निम्मे ९२. खालच्या अंगाला चौदापासून आठपर्यंत सात ओळी, बावीस गुणिले सात, निम्मे ७७. एकूण १६९. दुसरी वाट जास्त देखणी आहे. मधला एक ठिपका धरा. त्याच्याभोवती सहा ठिपक्यांचे कडे आहे, त्याबाहेर बाराचे, मग अठराचे, अशी सात कडी. दर कड्यात मागच्यापेक्षा सहा जास्त, कारण कोपरे सहा आणि दर बाजू एकेका ठिपक्याने लांबते. सगळे मिळवा, पुन्हा १६९. एकच रांगोळी दोन वाटांनी मोजून उत्तर एक आले की पोराच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते गाइड वाचून दिसत नाही.

इथे देवळालीच्या एका मास्तरांची आठवण काढलीच पाहिजे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये तिथे त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला साधी शाळामास्तरकी केली. मोठ्या विद्यापीठांनी त्यांना फारसे विचारले नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगभर नाव झाले. त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हणून ज्या आकड्यांची गोडी लावली त्यांत १, १२१, १२३२१, १२३४३२१ असा क्रम येतो. हे अनुक्रमे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग. आता १२३२१ मधले अंक ओळींनी ठिपके म्हणून मांडा. एक, दोन, तीन, दोन, एक. उभ्या चौकटीची रांगोळी झाली आणि ठिपके नऊ. कोपऱ्यावर उभा केलेला तीन बाय तीनचा चौरसच तो!

कापरेकरांची दुसरी करामत ‘मागच्यावरून पुढचं’ याचा नमुनाच आहे. चारही अंक सारखे नसतील असा कोणताही चार अंकी आकडा घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा हेच. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येते आणि तिथेच थांबते. वजाबाकीचा सराव म्हणून यापेक्षा चांगला गृहपाठ नाही. पोरे न सांगता पन्नास वजाबाक्या करतात.

फळवाल्याची रासही पाहून ठेवा. पुण्याच्या मंडईत काय किंवा तालुक्याच्या बाजारात काय, मोसंबी त्रिकोणी रचली की वर एक, त्याखाली तीन, मग सहा, मग दहा. दहा थरांत २२० मोसंबी लागतात. दहा, अकरा, बारा यांचा गुणाकार करून सहाने भागले की झाले. ही रीत आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात दिली आहे. आयुकाच्या आवारात पुतळा आहे तो याच आर्यभटाचा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तर खळ्यातली धान्याची रास दोरीने घेर मोजून किती भरेल, ते काढायला सांगितले आहे. जाड धान्याची रास वेगळी, बारीकाची वेगळी, कुसळाच्या धान्याची वेगळी. आपले जुने गणित खळ्यात वाढलेले आहे.

नारायण पंडिताची गाय

ज्यांच्या दावणीला गाय आहे त्यांनी हे कोडे पोरांना घालून पाहावे. १३५६ साली नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’ नावाचा ग्रंथ लिहिला, त्यातले हे. एक गाय दर वर्षी एक कालवड देते. ती कालवड चौथ्या वर्षापासून दर वर्षी एक कालवड देऊ लागते. तिच्या कालवडींचेही तसेच. वीस वर्षांनी सगळी मिळून गुरे किती?

दुधाचा धंदा करणारा पहिल्यांदा हसेल. एकही गोऱ्हा नाही, एकही भाकड नाही, गाभडणे नाही, रोगराई नाही, असा गोठा पंडिताच्या पोथीतच असायचा! पण गणित म्हणून ते उत्तम आहे. पाटीवर दर गायीची एक उभी रेघ ओढा, वर्षांच्या आडव्या रेघा घाला, आणि कालवड झाली तिथे फाटा फोडा. पहिल्या वर्षी गुरे २, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी ४. चौथ्या वर्षी पहिली कालवडही व्याली, म्हणून ६. पुढे ९, १३, १९, २८, ४१, आणि दहाव्या वर्षी ६०.

झाड काढता काढता नियम दिसतो. यंदाची गुरे म्हणजे गेल्या सालची सगळी, अधिक तीन सालांपूर्वी जेवढी होती तेवढी. कारण तीन सालांपूर्वी गोठ्यात जी होती ती सगळी यंदा वेतात आहेत, आणि त्यांची तेवढीच वासरे यंदा नवी. या नियमाने वीस वर्षांचा आकडा येतो २७४५. पाढ्यांवर हात बसलेला मुलगा अर्ध्या तासात तिथे पोचतो. सूत्र लागतच नाही, मागच्यावरून पुढचे एवढेच.

हाच नियम घरात दुसऱ्या रूपाने येतो आणि तिथे तो हसवत नाही. सावकाराचे शेकडा तीन. महिन्याला तीन रुपये ऐकायला थोडे वाटतात. पण व्याज दर महिन्याला मुदलात मिळवत गेले तर दहा हजारांचे वर्षाअखेर सुमारे १४,२५८ होतात आणि दोन वर्षांत २०,००० च्या वर जातात. दामदुप्पट! मुलांना कागदाच्या पट्ट्या कापायला सांगा. पहिली पट्टी दहा बोटे, पुढची मागचीपेक्षा शंभरात तीन या मापाने लांब. अशा चोवीस पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या की वरची कड सरळ चढत नाही, वाकून उठत जाते. साध्या व्याजाची कड सरळ जाते. दोन्ही तक्ते घराच्या भिंतीवर टांगले तर कागदावर अंगठा करण्याआधी बाप एकदा तिकडे बघेल.

तीन पाहिले म्हणून चौथे सांगू नये

या पद्धतीत एक खड्डा आहे. आकड्यांचा क्रम दिसू लागला की मुले भराभर पुढचा आकडा ठोकू लागतात, आणि काही गाइडवाले तर तेवढेच शिकवतात. २, ४, ८, १६ नंतर काय? ३२, सोडव आणि पुढे चल.

त्यावर उतारा म्हणून परात घ्या. काठावर दोन खुणा करून दोरीने जोडा. परातीचे दोन भाग होतात. तीन खुणा, सगळ्या एकमेकींना जोडल्या, भाग चार. चार खुणांना आठ. पाच खुणांना सोळा. आता सहा खुणा करा, पण अगदी समान अंतरावर नकोत. सगळा वर्ग बत्तीस म्हणेल. मोजा. एकतीसच भरतात! पुन्हा मोजा, एकतीसच. (खुणा समान अंतरावर घेतल्या तर तीन दोऱ्या मध्यावर एकाच जागी भेटतात आणि भाग तीसच होतात.) क्रम दिसला तरी तो का चालतो, ते आकृतीत सापडल्याशिवाय त्याच्यावर भरवसा नाही. कांद्याचा भाव लागोपाठ तीन हंगाम चढला म्हणून चौथ्याला चढेलच, असे धरून ज्यांनी रान भरले, त्यांना ही परात लवकर कळेल.

म्हणून वर्गात प्रश्न दोन हवेत. मागच्यापेक्षा किती वाढले? आणि का वाढले? पहिल्याचे उत्तर आकडे देतात, दुसऱ्याचे आकृती देते. आमच्या शाळांत पहिला प्रश्न विचारून घंटा होते.

शहराकडे काय आहे, गावाने काय करावे

पुण्यात या कामाला पोषक पुष्कळ आहे, हे खरे. प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. तिथे गणित ऑलिंपियाडची तयारी करणारी मुले येतात. राज्याची पाठ्यपुस्तके काढणारी ‘बालभारती’ १९६७ पासून पुण्यातच आहे. तिच्या गणिताच्या समितीवर डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांची ‘गणितगप्पा’ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’ ही पुस्तके शाळेच्या कपाटात असावीत अशी आहेत. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. भाषा बिघडते म्हणून टीका झाली, विधिमंडळापर्यंत विषय गेला. टीकेतल्या काही गोष्टी पटण्यासारख्या असतीलही. पण त्यामागचा हेतू साधा होता. लहान मुलाला आकड्यातला क्रम कानानेसुद्धा कळावा. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या.

गावाने शहराची वाट पाहायचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक दर महिन्याला होते आणि बहुतेक वेळा खिचडी, पत्रे आणि संडासाच्या दुरुस्तीवर संपते. त्या बैठकीत एक विषय गणिताचा घ्यावा. पटांगणात पक्क्या रंगाने ठिपक्यांची जाळी आखून द्यावी, एक चौकोनी आणि एक पंधरा ते आठची. मग पोरे खडे, चिंचोके, काय हवे ते मांडतील. रंगाचा एक डबा लागतो, त्यासाठी निविदा नको. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जागा असेल तर तिथे सिएर्पिन्स्कीचा त्रिकोण काढावा. पेन्सिल, दोरी आणि सुतळीचा गुंडा एवढ्यावर होतो. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत आठ-दहा मिनिटे काढून गुरुजींना काड्यांचा चौकोन स्वतः करायला लावावा. शिकवणाऱ्याने हाताने केले नाही तर तोही शेवटी सूत्रावरच येतो.

आणखी एक काम आहे, त्याला तर पैसाही लागत नाही. संक्रांतीच्या किंवा दिवाळीच्या आधी गावातल्या चार-पाच रांगोळीवाल्या बायांना शाळेत बोलवावे. हेडमास्तरांनी खुर्ची द्यावी, हार-तुरे नकोत. त्यांनी ठिपके कसे टाकतात ते दाखवावे आणि पोरांनी ते मोजावेत. एखादी म्हणेल, “मी कुठली बाई शिकवणार, मी तर चौथी नापास.” तिला सांगावे, “काकू, तुम्ही फक्त ठिपके टाका, मोजायचं पोरं बघतील.” नऊ ते पाचची, एकवीस ते अकराची, सरळ ठिपक्यांची, अशा एकेक गटाला वेगवेगळ्या रांगोळ्या द्याव्यात. एका गटाचे उत्तर दुसऱ्याने वेगळ्या वाटेने काढून तपासावे. नऊ ते पाचची येते ६१. एकवीस ते अकराची किती येते, ते घरी काढून पाहावे.